अनसाक्काचा नाच मी पाहिला नाही

बातमी कोंडाजीनं दिली. कोंडाजी आमचा ढोलवाला. राहायला डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगरात. तिथं मोबाईलला रेंज फक्त एका खडकावर चढल्यावर मिळते, त्यामुळे फोनवर बोलायचं म्हणजे ओरडायचं अशी त्याची पक्की समजूत आहे. त्या दिवशी तो नवा तांदूळ द्यायला अक्काकडं कळंबला उतरला होता, भर हमरस्त्यावरून बोलत होता, तरी ओरडतच होता. "दत्ताभाऊ, अक्का गेली!" मी दुकानात कुणाचा तरी मिक्सर उघडून बसलो होतो. म्हटलं, "कुठं गेली?" "गेली, गेली!" "अरे पण कशानं गेली? एसटीनं का जीपनं?" त्यावर कोंडाजी गप्प झाला. एवढ्या वर्षांत तो फोनवर गप्प झालेला मी पहिल्यांदाच ऐकला. पलीकडून नुसता ट्रकांचा आवाज येत राहिला... आणि मला कळलं. दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही, असं त्यानं मग हळू आवाजात सांगितलं. मी घरी जाऊन बायकोला, शकूला, सांगितलं. तिनं आत जाऊन पातळ बदललं आणि माझ्या आधी चपला घालून दारात उभी राहिली. ही तीच शकू, जिनं एके काळी मला बजावलं होतं की तमाशातल्या बाईचं नाव ह्या घरात काढायचं नाही.

अनसाक्का म्हणजे अनसूया कळंबकर. जुन्नर-आंबेगावातल्या ज्या पुरुषांची पन्नाशी उलटली आहे त्यांना हे नाव सांगावं लागणार नाही, आणि त्यांनी ते स्वतःच्या घरात कधी उच्चारलेलं नसणार, हेही मला ठाऊक आहे. बाप फडावर ढोलकी वाजवायचा, म्हणून तीही लहानपणीच फडावर उभी राहिली. यात्रांच्या हंगामात आज हे गाव, उद्या ते गाव. कनातीत बसलेले लोक तिच्या एका गिरकीवर फेटे उडवायचे म्हणे. 'म्हणे' अशासाठी की मी त्यांत नव्हतो. माझे वडील होते, पण त्यांनी तसं कधी कबूल केलं नाही. पुढं गुडघा धरला, सिनेमाच्या गाण्यांवर नाचणाऱ्या नव्या पोरी फडावर आल्या, आणि अक्का कळंबला रस्त्याकडेच्या दोन खोल्यांत येऊन राहिली.

नव्वदीचं दशक निम्मं सरलं असेल. मंचरला माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. एक दिवस जाड भिंगांचा चष्मा लावलेली, नऊवारी नेसलेली एक बाई कॅसेट खाणारा टेपरेकॉर्डर घेऊन आली. मला वाटलं, भजनी मंडळाच्या असतील. पुण्याच्या एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राकडून मी हौसेनं एक कीबोर्ड घेतला होता, तो धूळ बसू नये म्हणून चादरीखाली असायचा. तिनं विचारलं, "ते काय झाकून ठिवलंय मढ्यावानी?" मी चादर काढली. शाळेत असताना पेटी शिकलो होतो, तेवढ्या जोरावर एक भक्तिगीत वाजवायला घेतलं. पण गडबडीत भलतंच बटण दाबलं गेलं. त्या यंत्रात नाना आवाज भरलेले होते, हेलिकॉप्टर, बंदूक, लहान मूल... माझं भक्तिगीत कुत्र्याच्या भुंकण्यातून सुरू झालं. चाल मात्र अगदी बरोबर. बाई काउंटरला धरून हसली, चष्मा काढून डोळे पुसले आणि मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, "परत भुंकव." मी भुंकवलं. ती मान डोलवत ऐकत राहिली. "ह्याच्यासंगं पखवाज वाजला तर कसं व्हईल रं?" मला वाटलं थट्टा करतेय. पुढच्याच मंगळवारी मी कीबोर्ड मोटारसायकलला बांधून कळंबला तिच्या खोलीवर हजर होतो. का गेलो, हे शकूला समजावून सांगणं मला शेवटपर्यंत जमलं नाही.

पखवाज होता कळंबच्याच नामदेवबुवांचा. बुवा माळकरी, लावणीचा शब्द कानावर पडला तरी कान झाकणारे. त्यांना अक्कानं विचारलं, "बुवा, ताल काय सोवळ्यात असतो व्हय?" बुवा आठवडाभर विचार करत राहिले आणि पखवाज घेऊन आले. अट एकच, शृंगाराची ओळ आली की डोळे मिटणार. अक्काच्या गाण्यांत तसल्या ओळी भरपूर, त्यामुळे बुवांचे डोळे बहुतेक वेळ मिटलेलेच असायचे, आणि लोक म्हणायचे, काय साधना आहे बुवांची! क्लॅरिनेटला बाबूमास्तर. आयुष्यभर लग्नाच्या बँडात वाजवलेला माणूस, डीजे आल्यावर रिकामा झालेला. वरचा सूर लावताना त्यांची कवळी सैल व्हायची, म्हणून गाण्याआधी ती काढून सदऱ्याच्या खिशात ठेवायचे. आणि कोंडाजीला अक्कानं डोंगरातल्या एका यात्रेत ऐकलं होतं. त्याचा ढोल एवढा मोठा की जीपच्या टपावर एकट्या त्यालाच जागा लागायची. कोंडाजीला सुरुवात करायला सांगावं लागायचं नाही, पण थांब म्हटलेलं ऐकू जायचं नाही. शेवटी अक्का स्वतः ढोलावर पंजा ठेवायची, तेव्हा गाणं संपायचं.

पहिल्या दिवशी आम्ही वाजवायला लागलो तेव्हा रस्त्यावरचा एक ट्रकवाला गाडी बाजूला घेऊन बघायला आला, कुणाची भांडणं लागलीत म्हणून. पण चार-सहा मंगळवार गेले आणि काहीतरी जुळलं. खाली बुवांचा भजनी ठेका, त्याला कोंडाजीचा डोंगरी धक्का, मध्ये माझा डिस्को, त्यावर बाबूमास्तरांची बँडातली वळणं आणि ह्या सगळ्यावर अक्काचा तो चिरकलेला, खरबरीत आवाज. ती गायची म्हणण्यापेक्षा गाणं सांगायची, शेजारणीला काहीतरी खासगी सांगावं तसं. हे काय आहे, असं लोक विचारायचे तेव्हा आम्हाला उत्तर देता यायचं नाही. कापडी फलक रंगवून घ्यायची वेळ आली तेव्हा तर भांडणच झालं. बुवांना 'तमाशा' शब्द नको, बाबूमास्तरांना 'ब्रास बँड' हवं, मला 'ऑर्केस्ट्रा'. अक्का वैतागून पेंटरला म्हणाली, "अनसूयाबाईंची गाणी, एवढंच लिही. बाकीचे हायेत म्हनून बारीक अक्षरांत टाक कायतरी." पेंटरनं टाकलं: 'अनसूयाबाईंची गाणी व इतर'. तेव्हापासून आम्ही चौघं दोन्ही तालुक्यांत 'इतर' झालो. मंचरच्या बाजारात कांद्याच्या गोणीवर बसलेला माणूससुद्धा हाक मारायचा, "काय इतर, आज कुठं?"

अक्काची सुपारी घ्यायची रीत निराळी होती. कार्यक्रम ठरवायला नुसते पुरुष आले तर ती त्यांना चहासुद्धा विचारायची नाही. "घरातली बाई कुठंय? तिला आना. ती बोलवंल तर येईन." का, असं एका सरपंचानं विचारलं. "तुमी लोकांनी मला आजवर लई बोलावलं भाऊ. पन मागच्या दारानं. पुढचं दार बाईच्या हातात असतं." मग काय, लग्नसराईत कळंबच्या त्या खोलीपुढं मोटारसायकली लागायच्या, मागं बसलेल्या बायका पदर सावरत उतरायच्या आणि आत जायच्या. नवरे बाहेर ओट्यावर. आत चहा व्हायचा, तो संपायचाच नाही. हसण्याचे आवाज यायचे. एकदा एक पाव्हणे माझ्या कानाशी लागले, "लई येळ झाला राव, एवढं काय ठरवत्यात?" मी म्हटलं, मला काय माहीत, मी इतर.

ह्याच नियमानं शकूला यावं लागलं. अक्कानं निरोप धाडला, इतरांच्या बायकांनीही येऊन सांगावं की आमचा माणूस तुमच्याबरोबर वाजवतो ते आम्हाला चालतंय. शकू भांडायच्या तयारीनंच गेली. जीपमध्ये मला सगळं भाषण ऐकवलं होतं, चांगलं दणदणीत होतं. आत गेली, दार लागलं. मी ओट्यावर बसून भांड्यांचे आवाज यायची वाट बघत होतो. बऱ्याच वेळानं ती बाहेर आली, कपाळाला ताजं हळदीकुंकू, हातात खण, आणि मला म्हणाली, "तुमचा तो कीबोर्ड लई बारीक वाजतो म्हनत्यात त्या. जरा नीट वाजवत जा." भाषणाचं काय झालं ते मी विचारलं नाही.

आता खरी गंमत सांगतो. अख्खा तालुका अक्काला ऐकायला नव्हे, नाचताना बघायला यायचा आणि अक्का नाचायची नाही. कमरेवर एक हात ठेवून खांबासारखी उभी राहून गायची. न नाचण्याचं कारण तिनं प्रत्येकाला वेगळं सांगितलं होतं. बुवांना, देवाला शब्द दिलाय. बाबूमास्तरांना, चाळ मोडून टाकले. सरपंचाला, डॉक्टरांनी मनाई केलीय. एका यात्रेत पुढं बसलेल्या पोरांनी "नाचा, नाचा" असा गिल्ला केला, तेव्हा तिनं माईकवरून शांतपणे सांगितलं, "बाळांनो, मी नाचायची तवा तुमचे वडील पुढं बसायचे. घरी जाऊन त्यांस्नी इचारा कशी नाचायची. आईच्या देखत इचारा." पोरं गप. मागच्या रांगेतले बरेचसे वडीलही उठून गेले.

मला मात्र तिनं एकदा खरं सांगितलं होतं, जीपमधून परत येताना, बाकीचे पेंगत असताना. "गुडघ्याचं निमित्त हाय रं दत्तू. मला नाच लई आवडायचा. पन समोर कोन? बाप्ये, बाप्ये आन् बाप्ये. कनातीच्या तोंडाशी एखादी बाई दिसली तर ती नवऱ्याला शोधत आलेली असायची, शिव्या देत. मी जे करत व्हते ते बायांचंच व्हतं समदं... रुसनं, वाट बघनं, सासुरवास. आन् एकाबी बाईनं ते बघितलं न्हाई."  मग म्हणाली, "त्या बाबूमास्तरची कवळी खाली पडलीय बघ, पाय दिशील."

आळ्याला एका टोमॅटोवाल्यांच्या घरी लग्न होतं. नवा कोरा बंगला, हॉलमध्ये पांढरी फरशी, चेहरा दिसेल अशी. हळदीच्या दिवशी दुपारी आमचा कार्यक्रम. दोन गाणी झाली आणि लाईट गेली. माइक बंद, पुरुषमंडळी मांडवात पत्ते काढून बसली. आम्हाला बायकांनी आत पाणी प्यायला बोलावलं. तिथं नवरीची मोठी चुलती होती, इंदूबाई. साठीची, भारदस्त बाई, घरात तिचा शब्द चालायचा. ती अक्कासमोर येऊन बसली. म्हणाली, "आमचे मालक दर साली तुमच्या तमाशाला जायचे. सकाळी परत यायचे, डोळे तांबडे. मी इचारायची, काय व्हतं एवढं? म्हनायचे, तुला काय कळनार. मला वाईट वाटायचं, पन त्याहून मला बघायचं व्हतं वो. निस्तं बघायचं व्हतं... आता तुमी माझ्या घरात हायसा. दाखवा एकदा. कळतंय का न्हाई ते बघते."  नवरी अंगभर हळद घेऊन तशीच दाराशी येऊन उभी राहिली. अक्कानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला वाटलं, आता ती डॉक्टर सांगणार. ती म्हणाली, "समदे बाप्ये बाहेर. माझेबी."

आम्हाला अक्षरशः ढकलून बाहेर काढलं. मग आतून फर्मान आलं की खिडकीखाली ओट्यावर बसा, पाठ खिडकीकडं, आणि वाजवा. माझा कीबोर्ड सेलवर चालायचा, ते बरं. आम्ही चौघं मांडवाकडं तोंड करून बसलो आणि सुरू झालो. आतून चाळांचा आवाज नाही, नुसते अनवाणी पाय. फरशीवर पडायचे ते चपराक बसावी तसे. गुडघा गेलेल्या बाईचे ते पाय आहेत यावर माझा विश्वास बसेना. बुवांनी त्या दिवशी जसा पखवाज वाजवला तसा आयुष्यात वाजवला नसेल. डोळे मिटलेले, पण गालांवरून पाणी येत होतं. मांडवातले पत्ते खाली पडले. एकेक जण उठून जवळ येऊ लागला. इंदूबाईंचे मालक तर सरळ दाराशीच गेले. दारात शकू उभी. आम्ही लग्नाला म्हणून तिलाही आणलं होतं, अक्कानं तिला राखणीला ठेवलं होतं. "बाजूला व्हा बाई, माझं घर हाय हे." शकू म्हणाली, "घर तुमचंच हाय. जरा येळानं या." आणि दाराला पाठ लावून ठाम उभी राहिली. बिचारे परत फिरले, माझ्या शेजारी ओट्यावर बसले आणि हळूच विचारलं, "आत नक्की काय चाललंय?"

तेवढ्यात आतून शिट्टी आली. चांगली दोन बोटं तोंडात घालून मारलेली, खणखणीत शिट्टी. एका बाईनं! मांडवातले सगळे पुरुष एकमेकांकडं बघू लागले. प्रत्येकाच्या तोंडावर एकच प्रश्न: कुणाची? आजतागायत कुणी कबुली दिलेली नाही. पण त्या लग्नानंतर कैक महिने आळ्यातले नवरे बायकांशी जपून बोलत होते, असं ऐकतो.

मग एकाएकी आत शांतता. आम्हीही थांबलो. कोंडाजीसुद्धा थांबला, आपण होऊन.  दार उघडलं. अक्का घामानं भिजलेली, लंगडत, दोन बायकांच्या खांद्यावर हात टाकून बाहेर आली. तिच्या मागून इंदूबाई. डोळे तांबडे. मालक उठून उभे राहिले. ती त्यांच्यासमोर थांबली आणि म्हणाली, "कळलं मला." "काय कळलं?" "तुमाला काय कळनार," असं म्हणून ती हळदीचं ताट घेऊन आत निघून गेली.

त्यानंतर अक्काचं कामच बदललं. हळदीच्या दुपारी, डोहाळजेवणं, मंगळागौरी... जुन्नरपासून मंचरपर्यंत बायका बोलवायच्या, दार लागायचं आणि आम्ही बाहेर. इतक्या वर्षांत मी किती ओट्यांवर किती खिडक्यांना पाठ करून बसलो त्याला गणती नाही. लोक मला विचारतात, तुम्ही तर त्यांच्याबरोबर वाजवलंत, कशा नाचायच्या? मी सांगतो की मला आळ्याचा मांडव, ओतूरचं अंगण आणि घोडेगावची एक म्हैस ह्यांचं उत्तम वर्णन करता येईल.

शेवटी शेवटी साखरेनं तिचे पाय सुजले. नाच बंद झाला, पण मंगळवार चालू होता. मरणाच्या आठेक दिवस आधी मी तिच्याकडं गेलो होतो. खाटेवर बसून ती शेंगा सोलत होती. मी धीर करून म्हटलं, "अक्का, एवढं सगळं झालं, मला एकदा तरी दाखवायचं होतंस." ती कितीतरी वेळ हसली. "आता काय दाखवू? वाकता येत न्हाई. आन् तुला कशाला मी पायजे? शकूला समदं येतं की."  दर गुरुवारी शकू कळंबला पापड लाटायला जायची, असं मी धरून चाललो होतो. कितीतरी वर्षं! आमच्या घरात पापड मंचरच्या दुकानातून येतात, हे माझ्या ध्यानात कधी आलं नाही, त्याला मी काय करू? घरी येऊन शकूला विचारलं. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "त्या काय बी सांगत्यात."

तेराव्याचं जेवण उरकलं तेव्हा दुपार कलली होती. आम्ही चौघं अक्काच्या ओट्यावर टेकलो होतो. दिवस मंगळवारचा, सवयीनं वाद्यंही बरोबर आणली होती. रस्त्याला दोन जीपगाड्या थांबल्या. आळ्याच्या, ओतूरच्या, वर डोंगरातल्यासुद्धा बायका उतरल्या. इंदूबाई सर्वांत पुढं, काठी टेकत. मला वाटलं, आता रडारड होणार. त्या आत गेल्या, आतून काहीतरी कुजबुज ऐकू आली आणि मग दारातून सामान बाहेर यायला लागलं. आधी पत्र्याची ट्रंक, मग कणगी, मग घडवंची, आणि शेवटी आडवी करून, दाराच्या चौकटीला घासत अक्काची खाट. शकू एका पायाला धरून होती. तिनं ती ओट्यावर आमच्यापुढं नीट मांडली, वरची वाकळ झटकून सरळ केली. "हिच्यावर बसा," म्हणाली, "आत जागा लागतीय." आणि दार लावून घेतलं. आम्ही एकमेकांकडं बघितलं. बुवा आधी बसले. मग बाबूमास्तर, कोंडाजी, मी. खाट मध्ये खोल गेलेली होती, त्यामुळे चौघंही घसरून एकमेकांना चिकटलो. वाकळीला अजून तिच्या तंबाखूच्या मिश्रीचा वास होता.  आतून दारावर थाप पडली आणि शकूचा आवाज आला, "वाजवताय ना?"

आम्ही रस्त्याकडं तोंड केलं आणि वाजवायला घेतलं.